फोनवरची बालवाडी घरातल्या मोठ्यांसाठी असावी

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

उन्हाचा पारा चढला की नागपुरात शाळांच्या वेळा बदलतात, सुट्या अलीकडे ओढल्या जातात, आणि शहरातल्या अनेक खासगी नर्सरी-केजी वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्यापासून वर्ग ऑनलाइन’ असा निरोप येऊन पडतो. पावसाळ्यातही हेच घडते. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशी वेळ पुन्हा येणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही. मोठ्या मुलांना ऑनलाइन वर्गाचा कितपत उपयोग होतो, हा वेगळा विषय आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला फोनपुढे बसवून शिकवण्याचा प्रकार मात्र थांबावा, आणि त्याच फोनवरून त्या मुलाच्या आईवडिलांशी, आजी-आजोबांशी रोज थोडे बोलण्याची शिस्तशीर पद्धत सुरू व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी नागपुरात अनेक वर्षे बालवाडीत शिकवत आले आहे, आणि कोरोनाकाळात सुरू झालेले फोनवरचे काम आम्ही काही शिक्षिकांनी त्यानंतरही सोडलेले नाही.

खरे तर याबाबतचा नियम तेव्हाच स्पष्ट होता. मार्च 2020 मध्ये शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने ‘प्रज्ञाता’ ही डिजिटल शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत पूर्वप्राथमिक वर्गांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 30 मिनिटे ठेवली होती, आणि तीही पालकांशी संवाद साधून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. आपल्या राज्याने त्याच महिन्यात घेतलेला निर्णयही याच धर्तीचा होता. प्रत्यक्षात ही 30 मिनिटे कित्येक ठिकाणी मुलांच्या वर्गासाठी खर्च झाली आणि पालक मुलामागे बसून त्याला ‘बस नीट, बाई बघताहेत’ असे दटावत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच दोन ते चार वर्षांच्या मुलांनी एका जागी बसून पडद्यापुढे दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त वेळ घालवू नये, कमी तितके चांगले, असे सांगितले होते, आणि आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही तसाच आहे. घरात कार्टून, मोठ्या भावंडांचे गेम आणि जेवण भरवताना लावलेले व्हिडिओ यांतच तो तास केव्हाच संपलेला असतो. त्यात शाळेने स्वतःची भर घालावी, हे मला कधीच पटलेले नाही.

ज्यांनी असा वर्ग जवळून पाहिला नसेल, त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगते. पडद्यावर वीस-पंचवीस चौकोन आहेत. बाई गाणे सुरू करतात, पण प्रत्येक घरातला पंखा, कुकर आणि शेजारचा टीव्ही एकदम ऐकू येऊ लागल्याने सगळ्यांचे आवाज बंद करावे लागतात. मग बाई एकट्याच गातात. एका चौकोनातले साडेतीन वर्षांचे मूल आपला लाकडी नंदी उचलून कॅमेऱ्याला अगदी चिकटवून धरते आणि काहीतरी सांगत राहते. त्याचे ओठ हलताना दिसतात, आवाज बंद असतो. बालवाडीत हेच मूल बाईंच्या मांडीशी येऊन उभे राहिले असते, बाईंनी नंदी हातात घेतला असता, त्याच्या शिंगांना कोणता रंग दिला हे विचारले असते, आणि पुढची दहा मिनिटे सगळा वर्ग बैलांविषयी बोलला असता. पडद्यावर ते मूल थोडा वेळ वाट पाहते आणि नंदी खाली ठेवते. या वयाचे मूल उत्तराच्या आधारावर शिकते. त्याने काही म्हणावे, समोरच्याने ते धरून पुढे काही म्हणावे, त्याने पुन्हा काही दाखवावे, अशी ही देवाणघेवाण दिवसभर चालली, की शब्द, मोजणी, धीर आणि आत्मविश्वास सगळे त्यातूनच येते. अगदी लहान मुले समोरच्या माणसाकडून जेवढे उचलतात तेवढे व्हिडिओतून उचलत नाहीत, हे बालमानसशास्त्रात पुनःपुन्हा तपासले गेले आहे. फोनवरून ही देवाणघेवाण एका शिक्षिकेला पंचवीस मुलांशी करता येत नाही. पण त्या पंचवीस घरांत निदान एक मोठे माणूस असतेच, आणि त्याला ती सहज करता येते. दूरस्थ बालशिक्षणात शिक्षिकेने ज्याला शिकवायचे, तो विद्यार्थी हा मोठा माणूस आहे.

त्याला शिकवणे म्हणजे बालशिक्षणावर व्याख्यान देणे नव्हे. आमची पद्धत साधी आहे. रोज एकच व्हॉइस मेसेज, दीड-दोन मिनिटांचा, त्यात एकच कृती, आणि तीही घरात आधीपासून असलेल्या वस्तूची. हिवाळ्यात आमच्याकडे संत्री स्वस्त असतात आणि बहुतेक घरांत येतात, म्हणून एका दिवशीचा निरोप असा होता : ‘आज संत्रं सोलायच्या आधी लेकराले विचारा, आत किती फोडी असतील. त्याचं उत्तर ऐकून घ्या, चूक-बरोबर म्हणू नका. मग त्याच्याच हातानं सोलू द्या, एक-एक फोड ताटात ठेवत मोजा. शेवटी विचारा, आपण म्हटलं होतं त्यापेक्षा जास्त निघाल्या का कमी. त्यानं काय म्हटलं ते मले सांगा.’ साल सोलताना बोटांना मिळणारे वळण पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते, अंदाज बांधणे आणि पडताळणे हा गणिताचा पाया आहे, आणि जास्त-कमी हे शब्द हातातल्या वस्तूला चिकटून येतात; पण हे सगळे निरोपात सांगत बसण्याची गरज नसते. त्या रात्री एका आजीचे उत्तर आले : ‘बाई, फोडी नऊच निघाल्या. पण पोट्टी दहाच म्हन्ते. एक तिनं पयलेच खाल्ली ना.’ चार वर्षांची मुलगी ताटात नसलेली फोड हिशेबात धरते आहे, ही गोष्ट कोणत्याही वर्कशीटवर उमटली नसती. दुसऱ्या दिवशी मी त्या आजीला एवढेच कळवले की तिची नात मनातल्या मनात बेरीज करते आहे, आणि आता पोळ्या वाढतानाही तिला असेच विचारत जा. त्यानंतर त्या घरातून मला न विचारताच उत्तरे येऊ लागली.

तूर आणि चणे एका ताटात मिसळून मुलाला वेगळे करायला देणे, धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, दुकानातून आणलेल्या पुड्यांपैकी जड कोणती आणि हलकी कोणती हे हातावर तोलून सांगणे, अशा कृतींना तोटा नाही. दाण्यांच्या कृतीबरोबर मात्र मोठ्या माणसाने शेजारी बसलेच पाहिजे आणि घरात दोन वर्षांखालील भावंड असेल तर ती कृती टाळावी, हे दर वेळी आवर्जून सांगावे लागते, कारण दाणा नाकात किंवा घशात अडकण्याचा धोका खरा आहे. आणि सण तर आयतेच येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन निघतात आणि घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. त्याआधीचा आठवडा आम्ही नंदीवरच घालवतो. नंदी किती वितींचा आहे, शेजारच्याचा मोठा की आपला, माळेत लाल मण्यानंतर कोणता मणी आला, आजोबांच्या बैलजोडीची नावे काय होती. ज्या आजोबांना आपण मुलाला काही शिकवू शकतो असे कधी वाटलेच नव्हते, ते या आठवड्यात सर्वांत जास्त बोलतात. अभ्यासक्रमाच्या भाषेत यालाच अनुभवातून शिक्षण आणि कुटुंबाचा सहभाग म्हणतात, आणि 2022 मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा भरही खेळ, गोष्टी आणि घराशी असलेल्या नात्यावरच आहे.

पद्धत साधी असली तरी ती फसते ती वेळ, भाषा आणि फोटो या तीन ठिकाणी, आणि फोटोविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. त्याआधी वेळेचे पाहू. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात जाणाऱ्या, कळमन्याच्या बाजारात हमाली करणाऱ्या, ऑटो चालवणाऱ्या वडिलांच्या खिशात घरातला एकमेव चांगला फोन असतो. सकाळी अकराला पाठवलेला दुवा त्या घरात रात्री साडेआठला पोहोचतो. त्यामुळे निरोप केव्हाही पाठवला तरी कृती अशी हवी की ती रात्री जेवताना किंवा सकाळी अंघोळीच्या वेळीही करता येईल. याचा एक चांगला परिणाम असा झाला, की फोन ज्यांच्या हातात असतो ते वडीलच निरोप ऐकतात आणि मुलाशी बोलतात. पालकसभेला कधीही न आलेले कित्येक वडील आम्हाला आवाजावरून ओळखीचे झाले आहेत. भाषेचे तर नागपूरला सांगायलाच नको. शाळेत मराठी किंवा इंग्रजी, घरात कोणाकडे हिंदी, कोणाकडे वऱ्हाडी वळणाची मराठी, विणकरांच्या वस्तीत हलबी, बांधकामावर आलेल्या कुटुंबांत छत्तीसगढी. मुलाशी घरच्याच भाषेत बोला, तिच्यातलीच गोष्ट सांगा, शाळेची भाषा मागाहून येईल, हे पालकांना स्पष्ट सांगावे लागते, कारण शाळेच्या निरोपाला शाळेच्याच भाषेत उत्तर द्यायचे असते अशी त्यांची समजूत असते आणि तिच्यापायी ते गप्प बसतात. लिहिता न येणाऱ्या आईला व्हॉइस मेसेज करता येतो. तिने अडखळत दिलेले उत्तर ग्रुपवर न मागता थेट शिक्षिकेला पाठवायला सांगितले, की तिचा संकोच निम्मा होतो.

आता फोटोविषयी. अनेक शाळांत आणि वरिष्ठ कार्यालयांतही ‘कृती केल्याचा फोटो पाठवा’ हा नियम झाला आहे. याने किती नुकसान होते याची कल्पना मागणाऱ्यांना नसावी. फोटो मागितला की कृती मुलाची राहत नाही. आई रांगोळीसारखी सुबक चित्रे काढते, मुलाच्या हातात ब्रश देते, केस विंचरते, मूल रडत असेल तर गप्प करते आणि मग फोटो काढते. ग्रुपवर आधी आलेला फोटो सुंदर असला, की पुढच्या घरांवर दडपण येते. ज्यांच्या घराची भिंत दाखवण्यासारखी नाही त्या घरातून फोटो येतच नाही, आणि न आलेल्या फोटोचा अर्थ ‘पालक उदासीन आहेत’ असा नोंदवला जातो. मुलांचे चेहरे पंचवीस अनोळखी फोनमध्ये साठून राहतात, हा धोका आणखी वेगळा. याऐवजी एकच प्रश्न पुरतो : मुलाने काय म्हटले? या प्रश्नाचे उत्तर सजवता येत नाही. ते देण्यासाठी मोठ्या माणसाला मुलाचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे लागते, आणि आपल्याला तेवढेच तर हवे आहे. शिक्षिकेलाही त्या उत्तरातून मुलाची खरी पातळी कळते : कोणते मूल रंगांची नावे सांगते पण लहान-मोठे ठरवू शकत नाही, कोण पूर्ण वाक्य बोलते, कोणाच्या बोलण्यात अजून स्पष्टता नाही आणि कोणाची ऐकण्याची तपासणी करून घ्यायला हवी. भरलेल्या वर्कशीटवरून यातले काहीच कळत नाही.

उत्तराला उत्तर देणे हा या कामाचा कणा आहे, आणि वेळ खातो तोही हाच भाग. शंभर फॉरवर्ड पाठवणे सोपे. एका आईशी तिच्या मुलाविषयी दोन वाक्ये बोलणे अवघड, कारण त्यासाठी तिचा निरोप ऐकावा लागतो आणि मूल आठवावे लागते. पण आपल्या निरोपाला बाईंचे उत्तर येतच नाही असे दिसले की ते घर हळूहळू गप्प होते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही आठवड्याचे वार वाटून घेतले आहेत. प्रत्येक घराला आठवड्यातून एकदा तरी नावाने उत्तर जाते.

काही घरांत मुळातच फोन नसतो, किंवा असला तरी रिचार्ज संपलेला असतो. इथे मला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाची आठवण होते. 1945 पासून आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम करताना, आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर, त्यांनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली आणि खडे, पाने, शिंपले हीच शैक्षणिक साधने केली. इंटरनेट, अ‍ॅप यांतले काहीही नसताना केलेले ते दूरस्थ शिक्षणच होते, आणि त्यात मुलाच्या घराला कमीपणा नव्हता. आजही फोन नसलेल्या घराला ‘संपर्काबाहेर’ असा शेरा मारण्याऐवजी त्याच गल्लीतल्या फोन असलेल्या एका आईकडे निरोप द्यावा. दुपारी ओट्यावर बसून चार घरांनी मिळून ती कृती केली तर मुलांना सोबतीही मिळतात. 2022 मध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यभर झालेल्या ‘पहिले पाऊल’ अभियानात वस्त्यांमधून माता गट बांधले गेले होते. ते गट अनेक ठिकाणी पुढे विस्कळीत झाले याचे वाईट वाटते. पूर्वप्राथमिक वयासाठी ते पुन्हा उभे करणे अशक्य नाही. बांधकामावरची कुटुंबे होळी-दिवाळीला गावी जातात आणि महिना-दीड महिना परतत नाहीत. त्या काळात फोनवरचा एक निरोप चालू राहिला तर मूल परत आल्यावर बाईंना विसरलेले नसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. हे काम शिक्षिकेच्या आणि अंगणवाडी सेविकेच्या फावल्या वेळातले नाही. कोरोनाकाळात सेविका घरपोच आहार वाटत होत्या, सर्वेक्षणे करत होत्या, आणि त्यातच त्यांना मुलांचे शिक्षणही फोनवरून करायला सांगितले गेले. 2021 मध्ये राज्यातल्या अनेक सेविकांनी सरकारने दिलेले, पण कामाच्या लायकीचे न उरलेले मोबाइल परत करून आंदोलन केले होते, हे वाचकांना आठवत असेल. लाभार्थ्यांच्या नोंदी भरण्यातच दिवस जाणाऱ्या सेविकेने रात्री नऊला पंचवीस आयांना उत्तरे द्यावीत, आणि तेही स्वतःच्या पैशाने रिचार्ज करून, ही अपेक्षा अन्यायाची आहे. खासगी बालवाड्यांतल्या शिक्षिकांची स्थिती वेगळी नाही. त्यांना तर सुटीतल्या महिन्यांचे मानधनही अनेकदा मिळत नाही.

पालकांची बाजूही मी समजू शकते. वर्षाची फी भरलेली असते, शाळा बंद असते, आणि पडद्यावर बाई दिसल्या की काहीतरी चालू आहे असे समाधान मिळते. म्हणूनच अनेक संस्थाचालक वर्ग घेतात. मागणी पालकांचीच असते. त्यांना माझी विनंती आहे की शाळेकडे मुलाचा ऑनलाइन वर्ग मागण्याऐवजी शिक्षिकेचा आठवड्यातला एक फोन मागावा, आपल्या मुलाविषयी तिने काय पाहिले ते विचारावे, आणि रोजची वीस मिनिटे मुलासोबत फोन बाजूला ठेवून घालवावीत. संस्थाचालकांनी हा फोन शिक्षिकेच्या कामाच्या तासांत धरावा आणि सुटीतल्या कामाचे मानधन द्यावे.

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांच्या, उन्हात गृहभेटी करणे कोणालाच शक्य नसते, त्यामुळे उन्हाळ्यातला हा दीर्घ खंड आमच्याकडे फोननेच भरून निघू शकतो. महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या अधिकाऱ्यांनी यासाठी वेगळे अ‍ॅप काढू नये. आहे त्या फोनवर रोजचा एक निरोप पुरेसा आहे. त्यांनी फोटोची सक्ती काढून टाकावी, सेविका आणि शिक्षिकांना या कामासाठी दिवसाचा अर्धा तास आणि रिचार्जचे पैसे मंजूर करावेत, आणि सुटी लागण्यापूर्वी एप्रिलमध्येच, वडीलही येऊ शकतील अशा संध्याकाळच्या वेळी, एक पालकसभा घ्यावी. त्या सभेत प्रत्येक घराकडून एवढेच लिहून घ्यावे : घरात फोन कोणाकडे असतो, तो किती वाजता घरी येतो, मुलाशी सर्वांत जास्त कोण बोलते आणि कोणत्या भाषेत.

आपली विश्वासू,
एक बालवाडी शिक्षिका,
नागपूर